सगळ्यांसाठी एक ओळ

व्हर्नाने ती ओळ टाइप केली, दोनदा वाचली आणि फाइल जतन केली.

"काय चाललंय?" मागून कर्टने विचारलं. तो कधी येऊन उभा राहिला ते तिला कळलंच नव्हतं. सकाळपासून तो तिच्याभोवती घिरट्या घालत होता.

"माझं इथलं शेवटचं काम. डेटा नव्या डिस्कवर हलवला ना, त्याचा पत्ता सगळ्या प्रोग्रॅमना कळायला हवा. एकेकाच्या खात्यात लिहीत बसण्यापेक्षा एकाच ठिकाणी लिहिला. याला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. कायमचं, सगळ्यांसाठी."

"सगळ्यांसाठी म्हणजे?"

"एकतीसच्या एकतीस जणांसाठी. कोणीही लॉगिन केलं की ही ओळ आपोआप लागू."

कर्ट लिंडग्रेनने ओठ आवळले. व्हर्ना नीमीने त्याच्याकडे पाहिलंच नाही.

अमेरिकेतल्या, सरोवराकाठच्या डुलुथ शहरातल्या त्या कंपनीत छपरांवर पडणाऱ्या बर्फाच्या वजनाची गणितं होत. कोणतं छप्पर किती बर्फ पेलेल, हे इंजिनियर काढत. त्यांचे संगणक व्हर्ना सांभाळत असे. अकरा वर्षं. दोन वर्षांपूर्वी तिने आपल्या वरिष्ठाला, कर्टला, बजावलं होतं की राखीव प्रती नीट निघत नाहीत, डिस्क कधीही दगा देईल. "तुला सगळीकडे भुतंच दिसतात," म्हणून तो हसला. आठवड्याभरात डिस्क गेली आणि एकतीस माणसांची सहा आठवड्यांची मेहनत पाण्यात गेली. मालक ओडेगार्ड यांच्यापुढे कर्टने सरळ हात वर केले. "मला कोणी काही सांगितलंच नव्हतं." तोंडी सांगितलं होतं, पुरावा कसला असणार? त्या दिवसापासून तिच्याकडे बघताना लोकांची नजर बदलली. आणि आता कर्टनेच पत्र देऊन तिला कामावरून काढलं होतं. कारण दिलं, 'विश्वासार्हता'.

हा शब्द तिच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला होता. जाण्याआधी या माणसाचा हिशेब चुकता करायचा, हे तिने पत्र हातात पडलं त्याच क्षणी ठरवलं होतं.

"हे घे." तिने दोन पानं त्याच्यासमोर ठेवली. "काय कुठे आहे, सगळं लिहिलंय. एक प्रत तुला, एक मालकांना. सही कर."

कर्टने न वाचता सही ठोकली. "आणि मुख्य पासवर्ड?"

तिने पाकीट दिलं. मग कोट चढवता चढवता, अगदी सहज बोलावं तसं म्हणाली, "एक सांगते, कर्ट. त्या ओळीला हात लावू नकोस."

"का? काय होईल?"

"सगळं बंद पडेल."

"धमकी देतेस?"

"खरं सांगतेय," व्हर्ना म्हणाली. आणि हसली. ते हसू तिला आवरता आलं असतं; तिने आवरलं नाही.

बाहेर सरोवरावरून झोंबरा वारा येत होता. गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना तिने एकदाच वर, कर्टच्या खिडकीकडे पाहिलं. तो संगणकासमोर बसलेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी वेलदोड्याचा पाव ओव्हनमधून काढत असताना फोन वाजला. रोझेला होती, कर्टच्या शेजारच्या टेबलावरची.

"व्हर्ना, बसली आहेस ना? नसलीस तर बस!"

"सांग."

"काल तू गेलीस, आणि दहा मिनिटांत त्याने तुझी ती ओळ काढून टाकली. मोठ्याने ओरडून सांगितलं आम्हाला. 'म्हातारी सुरुंग पेरून गेली होती, मी काढला!' आणि खरंच, काही झालं नाही. सगळ्यांची कामं सुरळीत. संध्याकाळपर्यंत छाती फुगवून फिरत होता."

"लॉगिन करून बसलेल्यांना कळत नाही," व्हर्ना म्हणाली. "पुन्हा लॉगिन केलं की कळतं. लिहून दिलंय मी तसं."

"आज सकाळी कळलं! शाळांची माणसं आली होती, चाळीस छपरांचं काम देणारी. आम्ही लॉगिन केलं, आणि एकाचाही प्रोग्रॅम उघडेना. लगेच कर्ट सुरू झाला, 'व्हर्नाने घात केला, पोलिसांना बोलवा!' ओडेगार्डसाहेब शांतपणे तुझी पानं घेऊन आले आणि सगळ्यांसमोर वाचली. 'ही ओळ काढल्यास कोणाचेही काम चालणार नाही.' खाली कर्टची सही. मग विचारलं, ओळ काढली कोणी? सर्व्हरवर नोंद होतीच. काल दुपारी तीन वीस. कर्ट लिंडग्रेन."

"पाहुणे?"

"निघून गेले. ओडेगार्डसाहेबांनी त्याला आत बोलावून दार लावलं. बाहेर आला तेव्हा कोट हातात होता, आणि कार्यालयाची किल्ली नव्हती. तुझ्याशी बोलायचंय म्हणाले साहेब. दोन वर्षांपूर्वीच्या त्या डिस्कचंही विचारत होते."

व्हर्ना खुर्चीवर टेकली. छातीवरचा धोंडा कोणीतरी उचलल्यासारखं झालं, आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही.

"आता तरी सांग," रोझेलाने आवाज खाली आणला. "कोणाला नाही बोलणार. त्या ओळीत सापळा काय लावला होतास?"

"ओळीत काहीच नव्हतं गं. ती साधी, सरळ आणि गरजेचीच होती." व्हर्नाने पावाचा तुकडा मोडला. "सापळा होता तो 'खरं सांगतेय' एवढं म्हणण्यात. अकरा वर्षांत माझा एक शब्द त्या माणसाने खरा मानला नव्हता."