वाकणारा बोल्ट

कॉलेजच्या रेसकारच्या सस्पेन्शनचा बोल्ट सरावात तुटला, म्हणून शिवांजली थेट गावी, भूमला, वडिलांच्या ट्रॅक्टर पार्टच्या दुकानात आली.

"अप्पा, सगळ्यात कडक आठ बोल्ट द्या. गाडी समर्थ चालवतो, आमच्या वर्गातला."

सोमलिंगअप्पांनी सगळ्यात कडक बोल्ट वाइसच्या पकडीत आवळला, त्यावर पाइप घातला आणि जोर लावला. बोल्ट कट्‌कन तुटला. मग त्याच्यापेक्षा कमी कडक, एक नंबर खालचा आवळला. तो वाकला, पण तुटला नाही.

"लई कडक असलेला काही सांगत न्हाय, एकदम दगा देतो. ह्यो आधी वाकून दाखवतो. गाडी थांबवायला सवड मिळती. ह्योच ने."

आठही बोल्टांवर नट फिरवून बघून त्यांनी पुडी बांधली. चालवणाऱ्याबद्दल एका शब्दानं विचारलं नाही. शिवांजलीला हायसं वाटलं. ती पायरी उतरली, तोच मागून हाक आली.

"शिवे, हेल्मेटचा पट्टा हनुवटीला घासतोय तुझ्या. खाली रुमाल घालत जा. अन् शर्यत कधी हाय, ते आधी सांग. दुकान बंद ठेवून येतो."