लाल बटण

मकरंदने रिमोटवरच्या आणखी एका बटणावर काळी चिकटपट्टी लावली. मोबाइलचं अ‍ॅप असो की आईचा रिमोट, नको ते झाकायचं, हा त्याच्या डिझाइनच्या धंद्यातला पहिला नियम. आईचं विसरणं वाढत गेलं, तशी बटणं कमी होत गेली. आधी चॅनेलची, मग आवाजाचीही. आज उरलं फक्त टीव्ही चालू-बंद करायचं लाल बटण.

"आता दाबून बघ, आई."

तिने दाबलं. टीव्ही लागला. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा खुलला, आणि मकरंदला भरून आलं.

"छान केलंत हो," ती म्हणाली. "चहा घेतल्याशिवाय जाऊ नका. आमचा मकरंद येईलच एवढ्यात. असल्या गोष्टींचं त्याला फार वेड."

"थांबतो," म्हणत मकरंद पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेला टेकला.