सयाजीच्या दारावरचा पोपट

"मीरासाहेब, पोपटानं मिरच्या जास्त खाल्ल्या का वं?"

कारखान्याच्या बांधकामावर विटा नेणाऱ्या गाडीवानाने बैल थांबवून विचारले, आणि मागच्या गाड्याही हसल्या. मीरासाहेबाला घाम फुटला. म्हणजे काल सयाजीच्या दारावर रंगवलेला पोपट लाल झाला होता.

लाल आणि हिरवा मीरासाहेबाला जन्मापासून सारखेच दिसत. हे फक्त त्याच्या बायकोला, गौहरला ठाऊक. म्हणून तो टांग्यांवर, दारांवर निळ्या-पिवळ्या वेली काढी आणि लोक म्हणत, काय न्यारी कला आहे! अडलेच तर गौहर डब्यांच्या कडीला दोरा बांधून देई. लालला एक गाठ, हिरव्याला दोन. या खेपेला ती तळवड्याला माहेरी गेली होती आणि सयाजीला पोपटच हवा होता. नाही म्हणायला जीभ रेटेना. त्याने नवे डबे अंदाजानेच उघडले.

रंगाऱ्याला रंग कळत नाहीत, हे एकदा गावात पसरले की त्याला काम कोण देणार? त्याआधीच पोपट बदलावा, म्हणून तो मान खाली घालून चिंचवड स्टेशनापलीकडे सयाजीकडे गेला.

सयाजी अंगणात बाजेवर बसून पोपटच न्याहाळत होता.

"सयाजीराव, माफ करा. आजच्या आज पुसून दुसरा काढून देतो."

"का वं? झ्याक झालाय की! कसा हिरवागार, आत्ताच शेतातनं उडून आल्यावानी."

मीरासाहेबाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. शिव्या परवडल्या असत्या. त्याने भीतभीत सयाजीच्या तोंडाकडे पाहिले. तिथे थट्टा नव्हती. दारात उभी असलेली त्याची बायको सोजराबाई मात्र खाली बघत होती.

"ऱ्हाऊ द्या तसाच," ती हळूच म्हणाली. "त्यास्नी आवडलाय."

मीरासाहेबाचे डोळे भरून आले. केवढी मोठ्या मनाची माणसे! त्याची झाकली मूठ त्यांनी झाकलीच ठेवली होती.

तेवढ्यात लांबून शिट्टी ऐकू आली.

"अवं, मेल आली," सोजराबाई म्हणाली.

सयाजीने लगबगीने निळा कोट चढवला, कोनाड्यातून गुंडाळलेल्या दोन झेंड्या घेतल्या आणि तो रेल्वेच्या फाटकाकडे निघाला. चालता चालता तो अंगठ्याने झेंड्यांच्या दांड्या चाचपत होता. एका दांडीला दोऱ्याची एक गाठ होती, दुसरीला दोन.