उन्हातलं शेवाळ

"कॉलेज तपासायला कमिटी येऊन राहिली, अन् तुम्ही शेवाळ झाकून ठेवता?" प्राचार्यांनी काळा कपडा ओढला आणि माझ्या बाटल्या खिडकीतल्या उन्हात मांडल्या.

"सर, या शेवाळाच्या जनुकात बिघाड आहे. पकडलेल्या प्रकाशाची ऊर्जा पुढे पोचवणारं प्रथिनच त्यात बनत नाही. उन्हात तीच ऊर्जा साचून त्याला जाळते. अंधारात, बाहेरून खायला दिलं तरच ते जगतं. त्याच बिघाडाचा तर अभ्यास चालू आहे माझा!"

"हिरवी वस्तू कधी उन्हात मरते का, गुंजन मॅडम? लोक हसतील."

दोन दिवसांत बाटल्यांत नुसतं पिवळट पाणी उरलं. मी भांडायला गेले, तर प्राचार्य म्हणाले, "इतक्या काऊन तापता? आपल्या जिल्ह्यात तलावाची कमी आहे का?" आणि त्यांनी शिपाई देवचंदभाऊंना बादली घेऊन पाठवलं.

कमिटी आली तेव्हा बाटल्या हिरव्यागार होत्या. "अंधारात जगणारं शेवाळ आमच्या मॅडमनी उन्हात वाढवून दाखवलं. बिघाड दुरुस्त!" प्राचार्यांनी जाहीर केलं. टाळ्या पडल्या. माझ्या खांद्यावर शाल आली आणि बोलायला माईकही दिला.

मी शाल काढली.

"देवचंदभाऊ, तुम्ही ज्या तलावातून बादली भरून आणली ना, त्याच्या पाळीवर ही टाकून या. सत्कार त्याचा आहे."