भोंगा वाजला होता

सयाजीनं कंट्रोल रूमचं दार लाथेनं उघडलं, बॉयलरच्या ड्यूटीवर बसलेल्या धरणेंद्रची मानगूट धरली आणि त्याचं तोंड टेबलावर असं आपटलं की दोन दात तिथंच पडले. बाहेर कारखान्याचा बॉयलर फुटून सयाजीचा धाकटा भाऊ जयराज जागच्या जागी गेला होता.

"भोंगा वाजला असता तर पळाला असता त्यो. का न्हाई वाजवलास रं?"

"वाजलाय," धरणेंद्र रक्त थुंकत म्हणाला. "बघ की, मशिननं लिवलंय."

त्यानं स्क्रीनवरचं रक्त बाहीनं पुसलं. वाफेचा दाब वाढला, भोंगा सुरू झाला, मग स्फोट. आणि भोंगा अजून चालूच.

सयाजीची उगारलेली मूठ तशीच राहिली. फुटलेल्या खिडकीतून खरंच काहीतरी ऐकू येत होतं, मडक्यात अडकलेल्या भुंग्यासारखं. त्यानं खांबावरच्या भोंग्याकडं बघितलं. काल खंडेनवमीच्या पूजेला शिडीवर चढून त्याला तोंडासकट फेटा सयाजीनंच गुंडाळला होता, आणि खाली शिडी धरून जयराज हसत होता, "आवळ की दादा, नवरदेव हाय आपला."