दुसरी प्रत

हयातभर घरोघर पत्रं वाटलेल्या बाबांनी जहाजाच्या सफरीचे कागद छापून फायलीत लावले होते. "आता सगळं मोबाइलवर असतं बाबा, ही रद्दी कशाला मिरवताय?" म्हणत लेकीनं ती फाईल मोठ्या बॅगेत कोंबली. बंदरावर उतरताच हमालांनी ती बॅग परस्पर जहाजावर चढवली. काउंटरवर लेकीनं ऐटीत मोबाइल पुढे केला, तर तो बंद. वाटेत फोटो काढण्याच्या नादात बॅटरी संपली होती. "कागद असतील तर दाखवा," कारकून म्हणाला. "दहा मिनिटांत दार बंद होईल." लेकीचा चेहरा पार उतरला. बाबांकडे बघायची तिला हिंमत होईना. बाबांनी शर्टाच्या आतल्या खिशातून कागदांची दुसरी प्रत काढली. आता चारचौघांत बोलणी बसणार, म्हणून तिनं मान खाली घातली. "एक प्रत जवळ ठेवा, असं हिनंच बजावलं होतं," लेकीच्या खांद्यावर हात ठेवत बाबा कारकुनाला म्हणाले.