अकराव्या पानावरचा डाग

"काकू, अकरावं पान खराब आलंय. परत काढा." टिटवीनं कागद काउंटरवर आपटला. "मधोमध हे काळं गोल काय आहे?"

झेरॉक्सवाल्या काकूंनी चष्म्यावरून बघितलं. "ते तसंच येतं. तुझ्याआधी हजार पोरं ह्याच नोट्सवर पास झाली. कुणी कुरकुर केली नाही."

"त्यांची शेवटची वेळ नसेल."

टिटवी हे नाव काकूंनीच ठेवलेलं, कारण तोंड म्हणून बंद नसायचं. गणिताच्या दुसऱ्या पेपरात ती दोनदा उडाली होती. दादानं फोनवर सरळ सांगितलं होतं, आता राहिलीस तर ट्रंक भर आणि घरी ये, मावशीच्या दुकानात बस. दादा एकदा बोलला की विषय संपला. आणि पेपर उद्यावर आलेला.

"तो कपाचा डाग आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

इस्त्रीचा शर्ट, कानाजवळ पांढरे केस, खिशाला एकसारखी दोन पेनं. काकूंचा चेहरा फुलला. "आलात का सर! म्हणजे परीक्षा आली म्हणायची. भाड्याची खोली तीच ना?"

"तीच. सात नंबर. खिडकी अजून नीट लागत नाही."

टिटवीनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. बाहेरून येणारे परीक्षक असेच असतात. तिचा आवाज लगेच मऊ झाला. "सर, कपाचा म्हणजे?"

"कॉलेजात असताना त्याच खिडकीत बसून लिहीत होतो. ढोल्या म्हणून एक मित्र, त्यानं धक्का मारला, कप वहीवर. वही पुढे कुणी नेली कोण जाणे. डाग राहिला."

"ह्या नोट्स तुमच्या आहेत?"

"ढोल्याला लिहायचा कंटाळा, म्हणून त्याच्यासाठी काढल्या. मग चष्मा म्हणायचो त्या दुसऱ्या मित्राला पाहिजे झाल्या. मग सगळ्या वर्गाला."

ते दुकानाबाहेरच्या बाकावर बसले. टिटवीही बसली. अशी संधी कोण सोडणार!

"ह्या बाकावर आम्ही सहाजण बसायचो," ते म्हणाले. "दोघांचं बूड हवेत. तेव्हा मशीनवर काकूंचे सासरे असायचे. एक पान निघायला एवढा वेळ लागायचा, की तोवर ते पाठ व्हायचं. समोर सायकलवाला होता. हवा भरता भरता अख्ख्या कॉलेजच्या बातम्या सांगायचा. तळ्यावर काल कोण कुणाबरोबर होतं, सगळं त्याला ठाऊक."

"सर, तुम्ही होता का तळ्यावर?"

"टिटवे!" आतून काकू ओरडल्या.

ते मोठ्यानं हसले. मग समोर बघत राहिले. सायकलवाल्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान होतं.

"ढोल्या बँकेत मॅनेजर झाला. चष्मा ह्याच कॉलेजात शिकवतो. सगळे पुढे गेले."

"आणि तुम्ही?"

"मी येतो दरवर्षी. परीक्षेला."

टिटवीनं मग अकरावं पानच त्यांच्या मांडीवर ठेवलं. इथेच माझं घोडं अडतं, म्हणाली. त्यांनी पेन काढलं आणि डागाच्या बरोबर मध्ये एक आडवी रेघ मारली.

"डागाखाली उणे आहे."

टिटवीनं कागद डोळ्यांजवळ नेला. "म्हणजे दोन वर्षं मी ह्या कपापायी..."

"वर्गात बसलं की कळतं ते."

"सर, टोमणे नका ना मारू."

पुढची पंधरा मिनिटं ते पाठकोऱ्या कागदावर शिकवत होते. हा प्रश्न कोणत्या वर्षी, कितव्या नंबरला आला होता, सगळं तोंडपाठ. दोन वर्षांत जे डोक्यात शिरलं नव्हतं ते आपसूक आत जाऊन बसलं.

"सर, उद्या येणार का हा?"

"मला कसं माहीत असणार?"

सांगता येत नसेल बिचाऱ्यांना, टिटवीला वाटलं.

ते उठले. "एक लक्षात ठेव. सगळं येत असतं, तरी पेपर हातात पडला की अक्षरं पळायला लागतात. घाबरायचं नाही. आधी दोन घोट पाणी प्यायचं."

"तुम्हाला बरं माहीत!"

"बघतो ना दरवर्षी."

दुसऱ्या दिवशी पेपर आला तेव्हा टिटवीसमोर अक्षरं खरंच पळायला लागली. ती दोन घोट पाणी प्यायली. मग वाचलं. तिसरा प्रश्न, जसाच्या तसा अकराव्या पानावरचा. तिनं आधी ते उणे लिहिलं आणि मग पेन थांबलंच नाही. दादाची ट्रंक गेली खड्ड्यात.

दहा मिनिटांनी तिनं मान वर केली. सर वर्गात चक्कर मारायला येतील, तेव्हा नजरेनंच थँक्यू म्हणायचं होतं.

ते दारातच उभे होते. तोच इस्त्रीचा शर्ट. कधीचे उभे होते कोण जाणे.

जाड भिंगांचे सुपरवायझर खुर्चीतून उठले, दारापर्यंत गेले आणि हळूच म्हणाले, "ये रे. बाक तोच आहे."

सर रांगेतून चालत आले, टिटवीच्या पुढच्या रिकाम्या बाकावर बसले, आणि हॉल तिकीट कोपऱ्यात ठेवून मागे वळले. "दोन घोट पाणी आहे का गं?"